अकरा तुकड्यांची एक चित्रफीत
घरच्या संगणकावर व्हिडिओ फाइली जोडण्याविषयी

आपल्या विद्यालयाच्या भोजनगृहात कित्येक वर्षे स्वयंपाक करणाऱ्या मावशी एका स्नेहमेळाव्यास आल्या होत्या. जेवणे झाल्यावर आम्ही माजी विद्यार्थी त्यांच्याभोवती बसलो आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेची हकिकत त्यांना विचारली. चार वाजण्यास चार मिनिटे कमी असताना किल्लारीच्या परिसरात झालेल्या भूकंपाने शिरूर अनंतपाळची जमीनही हादरली होती. अंधारात वसतिगृहातील मुलांना मैदानावर काढून मावशींनी ती एकेक करून मोजली, ही गोष्ट आम्ही ऐकून होतो. त्या दिवशी ती त्यांच्या तोंडून ऐकली. दोघांनी आपापल्या भ्रमणध्वनीवर आणि एकाने छोट्या कॅमेऱ्यावर ती चित्रित केली. मधूनमधून थांबल्यामुळे एकूण अकरा तुकडे झाले. संगणकाच्या दुरुस्तीचे काम मी करीत असल्याने ते जोडून एक सलग चित्रफीत करण्याचे काम माझ्याकडे आले.

मी ते काम एका रात्रीत उरकले. हाताशी लागलेल्या एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये अकराही फाइली एकदम टाकल्या, बटण दाबले, तयार झालेल्या फाइलची पहिली दोन मिनिटे पाहिली आणि संगणकावर जागा कमी होती म्हणून मूळ तुकडे पुसून टाकले. मित्रांनीही फाइली माझ्याकडे पोहोचल्या म्हणून आपापले भ्रमणध्वनी मोकळे केले होते. पुढे मावशी गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सर्वांसमोर ती चित्रफीत लावली तेव्हा तीन गोष्टी ध्यानात आल्या. पहिल्या तुकड्यानंतर एकदम दहावा व अकरावा तुकडा आला होता, म्हणजे शेवट सुरुवातीलाच सांगितला गेला होता. सातव्या तुकड्यापासून ओठ आधी हलत होते आणि शब्द मागाहून येत होते. नवव्या तुकड्यात तर आवाजच नव्हता. मावशी बोलत आहेत, बोटे मोजत आहेत, आणि पडदा मुका आहे.

क्रम मी नंतर लावून घेतला. मागे पडलेला आवाज बराचसा जागेवर आणला. नववा तुकडा मात्र कायमचा मुका राहिला. या लेखात जी रीत सांगावयाची आहे ती या तीन चुकांतून शिकलेली आहे. आज आपल्या प्रत्येक घरात अशा तुकड्यांचा साठा आहे. जयंतीची मिरवणूक, मंगलपरिणय, शाळेचे संमेलन, आजीचे बोलणे हे सारे निरनिराळ्या भ्रमणध्वनींत विखुरलेले असते. ते जोडण्यास महागडे यंत्र लागत नाही. घरचा साधा संगणक, दोन विनामूल्य सॉफ्टवेअर आणि थोडा धीर एवढे पुरते.

१. तुकडे का पडतात?

पुष्कळदा आपण चित्रीकरण थांबविलेले नसते, तरीही कार्डावर तीन-चार फाइली दिसतात. याचे कारण साठवणीच्या पद्धतीत आहे. अनेक कॅमेऱ्यांची कार्डे ‘फॅट ३२’ नावाच्या पद्धतीने आखलेली असतात आणि त्या पद्धतीत एका फाइलचा आकार ४ जीबीपेक्षा मोठा होऊ शकत नाही. मर्यादा आली की कॅमेरा चालू फाइल बंद करून दुसरी उघडतो. डीव्हीडीवरील चित्रपटही याच धर्तीने सुमारे १ जीबीच्या तुकड्यांत ठेवलेला असतो. अशा तुकड्यांचे सांधे तंतोतंत जुळणारे असतात, कारण ते मुळात एकच चित्रीकरण असते.

दुसऱ्या प्रकारचे तुकडे माणसाच्या हाताने पडतात. फोन आला, हात दुखला, बॅटरी संपली, वक्ता बदलला, की चित्रीकरण थांबते. तिसरा प्रकार सर्वांत अवघड आहे. एकच प्रसंग चार जणांनी चार यंत्रांवर टिपलेला असतो आणि प्रत्येकाच्या फाइलची घडण वेगळी असते. माझे अकरा तुकडे या तिसऱ्या प्रकारचे होते, आणि मी त्यांना पहिल्या प्रकारचे समजून वागवले.

२. पूर्वी सांधे कसे जोडत असत

चित्रपटाची जुळणी हे मुळात हाताने करावयाचे काम होते. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे मावतात. सेकंदाला २४ चित्रे या गतीने मिनिटाला ९० फूट फिल्म लागते. म्हणून हजार फुटांचे रीळ सुमारे अकरा मिनिटांत संपते. संकलक नको असलेला भाग कात्रीने कापीत आणि दोन टोके फिल्मच्या खास सिमेंटने किंवा चिकटपट्टीने सांधीत. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली प्रदर्शित झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ तयार केला तेव्हा अशी पुष्कळशी कामे दादरच्या राहत्या घरीच होत आणि फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामांत सरस्वतीबाई फाळके यांचा हात असे. घरी बसून चित्रे जोडणे आपल्याकडे शंभर वर्षांहून जुने आहे.

आपल्या समाजाला अधिक जवळचे उदाहरण १९५६ चे आहे. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, पार्थिव विमानाने मुंबईस आणले गेले आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटीपर्यंत अंत्ययात्रा निघाली. लेखक व चित्रपट दिग्दर्शक नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून त्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण केले. त्या काळच्या हातात धरून चालविण्याच्या कॅमेऱ्यात एका वेळी शंभर फूट फिल्म बसे, मोठी पेटी लावली तर चारशे फूट. म्हणजे फार तर साडेचार मिनिटे. कित्येक तास चाललेली यात्रा टिपणाऱ्यापाशी तुकडेच जमा होणार. ते सांभाळले गेले म्हणून तो जनसागर आपल्याला आज पाहावयास मिळतो.

त्या काळच्या संकलकांचा एक नियम आपण घेण्यासारखा आहे. ते मूळ निगेटिव्हला आरंभी हात लावीत नसत. तिच्यावरून एक कामाची प्रत काढीत, सर्व कापाकापी त्या प्रतीवर करून पाहत आणि सगळे निश्चित झाल्यावरच निगेटिव्हकडे वळत. संगणकावर प्रत काढण्यास खर्च येत नाही. तरीही आपण मूळ फाइलवरच प्रयोग करतो, याला आळसाखेरीज दुसरे कारण नाही.

३. पेटी आणि पेटीतले सामान

जोडणी फसण्याचे मुख्य कारण समजण्यासाठी वसतिगृहातील पत्र्याची पेटी आठवावी. सर्वांच्या पेट्या बाहेरून सारख्याच; आत मात्र एकाचे कपडे, दुसऱ्याची पुस्तके, तिसऱ्याच्या दशम्या. व्हिडिओ फाइलचेही असेच आहे. नावाच्या शेवटी येणारे ‘एमपीफोर’, ‘एव्हीआय’, ‘एमकेव्ही’ हे शब्द पेटीचे नाव सांगतात. आत चित्र कोणत्या पद्धतीने आवळून भरले आहे आणि ध्वनी कोणत्या पद्धतीने, हे त्यावरून कळत नाही. चित्र आवळण्याच्या ‘एच.२६४’ व ‘एच.२६५’ या दोन पद्धती सध्या भ्रमणध्वनींत सर्रास आढळतात. दोन्हींच्या फाइलींना ‘एमपीफोर’ हेच नाव असते, तरी त्या थेट जोडता येत नाहीत. फाइलच्या नावाची शेवटची अक्षरे बदलल्याने आतले सामान बदलत नाही. पेटीवर दुसऱ्याचे नाव रंगविल्यासारखे ते होते.

दुसरी गोष्ट, एमपीफोर फाइलला स्वतःची अनुक्रमणिका असते. कोणते चित्र आणि कोणता ध्वनी फाइलमध्ये कोठे आहे याची ती यादी होय. भ्रमणध्वनीत ही यादी बहुधा चित्रीकरण थांबविल्यावर लिहिली जाते. म्हणून चित्रीकरण चालू असताना बॅटरी गेली तर फाइल आकाराने मोठी दिसते, पण उघडत नाही. याच कारणाने दोन एमपीफोर फाइली एकापुढे एक नुसत्या चिकटवून चालत नाही. प्लेअर पहिलीची अनुक्रमणिका वाचतो आणि पहिली संपताच थांबतो. जुन्या व्हीसीडी व डीव्हीडीवरील फाइलींची घडण वेगळी असल्याने त्या अशा चिकटविल्या तरी बऱ्याचदा चालत. तो अनुभव असलेले लोक एमपीफोरलाही तोच उपाय करतात आणि फसतात.

तिसरी गोष्ट हजेरीपटाची. समजा, महिन्याच्या पहिल्या दिवशी वर्गशिक्षकांनी सर्व मुलांची नावे लिहिली आणि पुढे रोज फक्त गैरहजर मुलांची नोंद केली. कागद वाचतो, पण मधल्या एखाद्या दिवसाचे पान फाडून आणले तर त्यावरून वर्गात कोण होते ते सांगता येणार नाही. व्हिडिओतही प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेले नसते. काही अंतराने एक पूर्ण चित्र असते, त्याला ‘की-फ्रेम’ म्हणतात, आणि पुढच्या चित्रांत केवळ झालेला बदल नोंदलेला असतो. म्हणून पुन्हा न आवळता तुकडा कापावयाचा असेल तर त्याचा आरंभ की-फ्रेमपाशीच करावा लागतो. दुसरीकडे कापले तर सांध्यावर काही क्षण चित्र फाटलेले, करड्या ठिपक्यांचे दिसते.

४. जोडण्यापूर्वीची तयारी

या कामातील निम्मे यश तयारीत आहे.

पहिले काम मोजणीचे. ज्यांनी ज्यांनी चित्रीकरण केले त्यांच्याकडून फाइली मागवाव्यात आणि कोणाकडून किती आल्या ते वहीत लिहावे. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठविलेली फाइल वाटेत आवळली जाते व तिची स्पष्टता घटते; तीच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविली तर मूळ रूपात पोहोचते. शक्य असेल तेव्हा तारेने किंवा पेनड्राइव्हने घेतलेली फाइल सर्वांत चांगली.

दुसरे काम प्रतीचे. सर्व मूळ फाइली ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि त्यांची प्रत ‘काम’ नावाच्या फोल्डरमध्ये काढावी. ‘मूळ’ला पुन्हा हात लावू नये. सर्व तुकड्यांचा मिळून जेवढा आकार असेल त्याच्या किमान दुप्पट जागा संगणकावर मोकळी असावी. नसेल तर काम सुरू करू नये. जागेअभावीच मी मूळ तुकडे पुसले होते.

तिसरे काम नावांचे. अनेक सॉफ्टवेअर फाइलींचा क्रम अक्षरांप्रमाणे लावतात. त्यामुळे १, २, ३ अशी नावे दिली तर १ नंतर १० व ११ येतात आणि मग २. हीच माझी पहिली चूक. नावे ०१, ०२, ०३ अशी दोन अंकी द्यावीत. तुकडे शंभरावर असतील तर तीन अंकी. तारीख लिहावयाची असल्यास आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा, म्हणजे क्रम आपोआप लागतो. व्हॉट्सअ‍ॅपने दिलेल्या नावातील तारीख बहुधा फाइल पाठविल्याची किंवा मिळाल्याची असते, चित्रीकरणाची नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

चौथे काम परीक्षणाचे. विंडोज संगणकावर फाइलवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ व त्यात ‘डिटेल्स’ उघडले की लांबी, रुंदी, सेकंदाला किती चित्रे आणि ध्वनीचा वेग हे आकडे दिसतात. चित्र व ध्वनी कोणत्या पद्धतीने आवळले आहेत हे पाहण्यासाठी व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल लावून ‘टूल्स’मधील ‘कोडेक इन्फॉर्मेशन’ पाहावे. प्रत्येक तुकड्यापुढे पुढील पाच गोष्टी वहीत लिहाव्यात :

(१) चित्राचा आकार. उदाहरणार्थ, १९२० × १०८० आडवे किंवा १०८० × १९२० उभे. जुन्या डीव्हीडीचा आपल्याकडील आकार ७२० × ५७६ आणि व्हीसीडीचा ३५२ × २८८.
(२) सेकंदाला चित्रे. डीव्हीडी व आपल्याकडचे पुष्कळसे कॅमेरे २५. भ्रमणध्वनी बहुधा ३०.
(३) चित्र आवळण्याची पद्धत. एच.२६४, एच.२६५ किंवा अन्य.
(४) ध्वनी आवळण्याची पद्धत. बहुधा एएसी, काही कॅमेऱ्यांत एसी-३.
(५) ध्वनीचा वेग. सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने.

पाचही गोष्टी सर्व तुकड्यांत सारख्या असतील तर खाली दिलेली पहिली रीत वापरावी. एकही वेगळी असेल तर दुसरी.

शेवटची बाब किती महत्त्वाची आहे ते एका हिशोबावरून कळेल. ४४,१०० वेगाने टिपलेल्या दहा मिनिटांच्या ध्वनीत २ कोटी ६४ लाख ६० हजार नमुने असतात. तोच ध्वनी ४८,००० च्या वेगाने वाजविला तर ९ मिनिटे ११ सेकंदांत संपतो. आवाज बारीक होतो आणि शेवटी चित्राच्या ४९ सेकंद पुढे निघून जातो. काही सॉफ्टवेअर असा न जुळणारा ध्वनी सरळ गाळून टाकतात. माझ्या अकरा तुकड्यांपैकी एकाच तुकड्याचा ध्वनी इतरांहून निराळा होता; तो नववा.

५. पहिली रीत : न बदलता जोडणे

यासाठी ‘अ‍ॅव्हिडेमक्स’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर सोयीचे आहे. कृती अशी :

‘फाइल’मधून ‘ओपन’ करून ०१ क्रमांकाचा तुकडा उघडावा. मग ‘फाइल’मधील ‘अपेंड’ने ०२, नंतर ०३ असे तुकडे एकामागून एक जोडीत जावे. येथे मागाहून क्रम बदलणे अवघड असते, म्हणून वही समोर ठेवूनच हे करावे. डाव्या बाजूस ‘व्हिडिओ आउटपुट’ व ‘ऑडिओ आउटपुट’ ही दोन स्थाने आहेत. दोन्हींत ‘कॉपी’ ठेवावे. त्याखाली ‘आउटपुट फॉरमॅट’मध्ये ‘एमपीफोर मक्सर’ निवडावे. शेवटी ‘सेव्ह’ करून नवे नाव द्यावे आणि त्यात एमपीफोर हे शेपूट असल्याची खात्री करावी.

या रीतीत चित्र पुन्हा आवळले जात नाही. जसेच्या तसे नव्या पेटीत उचलून ठेवले जाते. त्यामुळे स्पष्टता तिळमात्र कमी होत नाही आणि तासाभराची चित्रफीत साध्या संगणकावरही काही मिनिटांत तयार होते. चित्रांचे आकार भिन्न असतील तर अ‍ॅव्हिडेमक्स दुसरा तुकडा घेण्यास नकार देते. तो नकार ही सूचना समजावी आणि दुसऱ्या रीतीकडे वळावे.

डीव्हीडीवरून घेताना ‘व्हीओबी’ फाइलींपैकी ज्या फाइलच्या नावाचा शेवटचा आकडा ० असतो तिच्यात बहुधा केवळ अनुक्रमाचा पडदा असतो; प्रत्यक्ष कार्यक्रम १ पासून सुरू होतो. १ ची फाइल उघडताच पुढच्या क्रमांकांच्या फाइलीही घ्याव्यात काय, असे अ‍ॅव्हिडेमक्स स्वतःच विचारते.

६. दुसरी रीत : एकसारखे करून जोडणे

तुकडे भिन्न घडणीचे असतील तर ते उलगडून पुन्हा एका मापाने आवळावे लागतात. यासाठी ‘शॉटकट’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे आहे.

नवा प्रकल्प उघडताना ‘व्हिडिओ मोड’ ठरवावा लागतो. बहुसंख्य तुकडे ज्या मापाचे आहेत तेच माप निवडावे. लहान आकाराचे जुने चित्र मोठ्या मापात घातल्याने ते स्पष्ट होत नाही, पण मोठे चित्र लहान मापात घातले तर त्याची स्पष्टता जाते. म्हणून शंका असेल तेव्हा मोठे माप घ्यावे.

यानंतर सर्व तुकडे ‘प्लेलिस्ट’मध्ये आणावेत आणि तेथून एकेक करून ‘टाइमलाइन’वर ‘अपेंड’ने शेवटी जोडीत जावे. येथे क्रम केव्हाही बदलता येतो. भ्रमणध्वनी कमी उजेडात सेकंदाला कमी चित्रे टिपतो व उजेडात जास्त. ही बदलती गती हेच ओठ व शब्द यांची फारकत होण्याचे नेहमीचे कारण आहे. असा तुकडा आला की शॉटकट त्याचे ‘संकलनास सोपे’ असे रूपांतर करावे काय, हे विचारते. होकार द्यावा. रूपांतरित फाइल बरीच मोठी होते, पण आवाज जागेवर राहतो. मी पूर्वी वापरलेल्या सॉफ्टवेअरने काही न विचारता गती सरसकट एक धरली आणि सातव्या तुकड्यापासून मावशींचे शब्द मागे पडले.

उभ्या धरलेल्या भ्रमणध्वनीचे चित्र आडव्या पडद्यावर दोन्ही बाजूंस काळे पट्टे सोडते. हे पट्टे नको असतील तर ‘फिल्टर्स’मधील ‘ब्लर : पॅड’ वापरता येतो. वरचा व खालचा भाग कापून चित्र मोठे करण्याचा मोह टाळावा. त्यात बोलणाऱ्याचे हात कापले जातात, आणि आपली वडीलधारी माणसे हातांनीही बोलतात. एका तुकड्याचा आवाज लहान व दुसऱ्याचा मोठा असेल तर प्रत्येक तुकड्यास ‘नॉर्मलाइज : टू पास’ हा ध्वनीचा फिल्टर लावून समतोल साधावा.

सर्व झाल्यावर ‘एक्सपोर्ट’ करावे; नेहमीच्या उपयोगासाठी एच.२६४ व एएसी असलेली मूळ निवड ठीक आहे. हे काम वेळ घेते. जुन्या संगणकावर तासाभराच्या चित्रफितीस दोन-तीन तासही लागू शकतात. आपल्या भागात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि मध्येच वीज गेली तर अर्धवट फाइल निरुपयोगी होते. म्हणून लॅपटॉप किंवा यूपीएस असावा. प्रकल्पाची फाइल तेवढी आधी ‘सेव्ह’ करून ठेवावी, म्हणजे केलेली जुळणी वाया जात नाही.

७. तपासणी

तयार झालेली चित्रफीत पहिली दोन मिनिटे पाहून समाधान मानणे ही माझी सर्वांत मोठी चूक होती. तपासणीचा क्रम असा असावा. प्रथम लांबी पाहावी : सर्व तुकड्यांच्या लांबीची बेरीज आणि नव्या फाइलची लांबी यांत काही सेकंदांहून अधिक फरक असता कामा नये. मग प्रत्येक सांधा पाहावा, सांध्याच्या आधीची दहा व नंतरची दहा सेकंदे. मग प्रत्येक तुकड्याच्या अखेरीस ओठ व शब्द जुळतात काय ते पाहावे. आरंभी जुळले म्हणून अखेरीस जुळतीलच असे नसते. शेवटी दुसऱ्या एखाद्या यंत्रावर, शक्य तर भ्रमणध्वनीवर, पूर्ण चित्रफीत एकदा ऐकावी. तासाभराच्या चित्रफितीस तासभर द्यावाच लागतो.

मावशी त्या दिवशी म्हणाल्या होत्या, “लेकरं मोजल्याबिगर मला झोप यायची न्हाई.” फाइली जोडणाऱ्यानेही याहून वेगळे काही करावयाचे नाही. जोडण्याआधी मोजावे, जोडल्यावर पुन्हा मोजावे.

८. जतन आणि नोंद

जोडलेली चित्रफीत पाहण्यासाठी असते. मूळ तुकडे ठेवण्यासाठी असतात. पुढे अधिक चांगली साधने येतील, एखादी चूक मागाहून ध्यानात येईल, तेव्हा मूळ तुकडेच उपयोगी पडतील. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या गावी असावी. किल्लारी परिसरात एका पहाटे घरेच्या घरे जमीनदोस्त झाली. घरात ठेवलेली प्रत घराबरोबर जाते, हे आपल्या जिल्ह्याला सांगावयास नको. पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल उतरत नसेल तर तो ‘एक्सफॅट’ पद्धतीने आखून घ्यावा. मात्र तसे करताना त्यावरचे सर्व पुसले जाते, म्हणून आधी तो रिकामा करावा.

फाइलबरोबर एक छोटी नोंद ठेवावी : कोण बोलत आहे, गाव कोणते, दिनांक काय, चित्रीकरण कोणी केले, तुकडे किती. नोंदीचे मोल काय असते हे हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहावरून कळते. महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या त्यात आहेत आणि बाबासाहेबांवर माजलगावच्या स्त्रियांनी गायिलेल्या ओव्याही आहेत. ओवी दोन-तीन ओळींची, म्हणजे तुकडाच. पण गाणारीचे नाव व गाव सोबत नोंदलेले असल्याने तो तुकडा कोणाचा हे आजही सांगता येते.

९. जोडण्यात खरेपणा

एक शेवटची गोष्ट तंत्राची नाही. तुकडे मागेपुढे केल्याने बोलण्याचा अर्थ बदलतो. प्रश्न गाळून उत्तर ठेवले, एका दिवशीचे बोलणे दुसऱ्या दिवशीच्या बोलण्यास सांधले, की माणूस जे बोलला नाही ते त्याच्या तोंडी येते. कार्यक्रमाची चित्रफीत आटोपशीर करण्यास हरकत नाही. पण वडीलधाऱ्यांच्या साक्षीची एक प्रत तरी क्रम न बदलता, काही न गाळता ठेवावी. जेथे भाग नाही तेथे तो नाही असे पडद्यावर लिहावे. स्त्रिया व मुले दिसत असतील तर चित्रफीत सर्वांस पाठविण्यापूर्वी त्यांची किंवा पालकांची संमती घ्यावी.

मावशींच्या चित्रफितीचा नववा तुकडा मुका निघाल्यावर एकाने सुचविले की, आपल्याला गोष्ट ठाऊक आहे, दुसऱ्या कोणा बाईंच्या आवाजात ती भरून घ्यावी. दुसऱ्याने त्यावर संगीत घालावे असे म्हटले. तिसरा म्हणाला, तो तुकडाच काढून टाका. मी तिन्ही केले नाही. तुकडा आपल्या जागी आहे. खाली एवढीच ओळ आहे : ‘येथील आवाज जोडणी करताना नष्ट झाला.’ पडद्यावर मावशी उजव्या हाताच्या बोटांनी मुले मोजतात, एकदा थांबतात, पहिल्यापासून पुन्हा मोजतात. किती मुले होती ते त्यांनी सांगितले होते. आमच्यापैकी प्रत्येकाला निराळा आकडा आठवतो.

त्या दिवशी मंडपात असलेल्या कोणी आपल्या भ्रमणध्वनीवर काही टिपले असेल, ते आवाजापुरते का असेना, तर त्यांनी ती फाइल शोधून विद्यालयाकडे पोहोचवावी. ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाव बदलू नये, काही कापू नये आणि आपल्याकडची प्रत पुसू नये. जोडण्याचे काम मी करीन. या वेळी मोजून.